थोरात बाईंची भारित सरासरी

कुणी तीन परीक्षांच्या टक्क्यांची सरळ बेरीज करून तिनाने भागायला लागलं, की थोरात बाई त्याच्या हातातलं पेनच काढून घ्यायच्या. मग तो वर्गातला पोरगा असो, नाहीतर आमचे मुख्याध्यापक. बाई गणित शिकवायच्या. माहेर बोरी बुद्रुकचं, त्यामुळे रागावल्या की पुस्तकी भाषा गळून गावची बोली यायची. "चाचणी आन् वार्षिक एकाच मापानं मोजता व्हय राव?" म्हणत खुर्ची ओढून बसायच्या. मी त्याच शाळेत मराठी शिकवायचे. मलाही वाटायचं, बाईंनी जरा सबुरीनं घ्यावं.

नववीच्या एका निकालानंतर मात्र तसं वाटायचं बंद झालं. शाळेचा नियम साधा होता. चाचणीला वीस टक्के भार, सहामाहीला तीस, वार्षिकला पन्नास. मुख्याध्यापकांनी घाईघाईत तिन्हींची सरळ सरासरी काढून यादी लावली. पन्नासच्या वर असतील त्यांनाच दहावीसाठी वसतिगृहात जागा. घाटघरच्या सुमनला चाचणीत वीसच टक्के, कारण तेव्हा घरी भाताची आवणी चाललेली आणि पोरगी गुडघाभर चिखलात. सहामाहीला पन्नास, वार्षिकला सत्तर. सरळ भागाकारात ती शेहेचाळीसवर आली. जागा गेली म्हणजे शाळाच सुटली. घाटघरहून ती रोज येणार कशी?

बाई तडक ऑफिसात गेल्या, मागोमाग मीही. मुख्याध्यापकांच्या घरी म्हशी होत्या, एक गाय होती. "सर, तुमी म्हशीचं धा लिटर दूध घालता, गाईचं दोन. डेअरीनं भाव लावताना दोन्ही फॅटची बेरीज करून दोननं भागलं, तर गप बसाल? तितं लिटर बघता, आन् हितं?" मग त्यांनी कागदावर मांडलं. चाचणीचे चार, सहामाहीचे पंधरा, वार्षिकचे पस्तीस. चोपन्न.

सर वरमले नाहीत. "बाई, तुमच्या शब्दाखातर घेतो तिला. विषय वाढवू नका," म्हणाले. चूक यांची आणि मेहेरबानी त्या पोरीवर! बाई खुर्चीतून हलल्या नाहीत. "माझा शब्द ऱ्हाऊ द्या बाजूला. सगळ्या वर्गाचं पुन्हा काढा." शेवटी काढावं लागलं. सुमनला जागा मिळाली, ती शिकली, आज नर्स आहे.

गेल्या वर्षी बाई गेल्या. शोकसभेत हेच सर गहिवरून बोलले, "बाई फार मायाळू हो. घाटघरच्या एका मुलीला त्यांनी मार्क वाढवून वर काढलं." लोक माना डोलवत होते. मागच्या रांगेत सुमन खाली मान घालून बसली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बोलायची पाळी नसताना मी उठले.

"सर, बाईंनी तिला एक मार्कसुद्धा दिला नाही. ते चोपन्न तिचेच होते. तुम्ही काढून घेतले होते."