सोल म्हणजे आत्मा, म्हणून लावली सीडी

बायांनो, आज लाजेने मेले! मी सांगतेय, सूनबाई टाइप करतेय आणि हसतेय.

आमच्या सिंगापुरात, तोआ पायोहच्या फ्लॅटवर भजन होतं. भजनाची कॅसेट अडकली, म्हणून सुनेची सीडी लावली. कव्हरवर पांढऱ्या सुटातले चार गायक, मला भजनी मंडळच वाटलं. त्यांच्या गाजलेल्या सोल गाण्यांची सीडी. सोल म्हणजे आत्मा, एवढं चौथी शिकलेलीलाही कळतं! बायकांना दरडावलं, “हात जोडा, डोळे मिटा.”

तेवढ्यात नात शाळेतून आली आणि इथल्या पोरांसारखं ‘लाह’ जोडून म्हणाली, “आजी, हे सोल म्युझिक, लव्ह साँग लाह! तो बेबी, जवळ ये म्हणतोय!”

शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं बाई, मग मी इतका वेळ हात कुणाला जोडले?”

मी मान खाली घातली, तर माझा पाय अजून ठेका धरून! चूक झाली, पण या फितूर पायाचं काय करू?