ढालकिड्याचा जबडा

शैलाताई पोहणकर फोटो काढायला बसल्या की भर मे महिन्यातही आमच्या कीटक विभागातले पंखे बंद व्हायचे. रायपूरचा मे! आम्ही घामानं निथळत असायचो, पण खुर्ची सरकवायचीही चोरी. सूक्ष्मदर्शकाखाली टाचणीच्या डोक्याएवढ्या किड्याचं तोंड असायचं. एका वेळी त्याचा केसाएवढा थर तेवढा स्पष्ट दिसतो, बाकी सगळं धूसर. म्हणून ताई स्क्रू किंचित फिरवत, श्वास रोखून फोटो घेत, पुन्हा फिरवत. असे शंभरेक फोटो झाले की प्रत्येकातला स्पष्ट भाग उचलून संगणक एक चित्र जुळवायचा. मध्येच कुणी दार आपटलं की हादऱ्यानं चित्र हले, पुन्हा पहिल्यापासून. "पोट्टेहो, किड्यानं जीव देल्ला, तुम्ही थोडा घाम द्या," असं त्या म्हणत.

जुळवताना एखादा केस चित्रात दोनदा उमटे, तेवढा त्या पुसत. किड्याचा तुटका दात मात्र तसाच राही. "तुटला तर तुटला. आपण काय दाताचे डॉक्टर आहो?"

पुढे आमचं कार्यालय नवा रायपूरला गेलं आणि साहेबांना धानाच्या शेतकऱ्यांसाठी पोस्टर हवं झालं. ताईंनी दोन चित्रं दिली. एक धानाचा रस शोषणाऱ्या माहू नावाच्या किडीच्या सुईसारख्या सोंडेचं, दुसरं ढालकिड्याच्या जबड्याचं. हा ढालकिडा माहू खातो, म्हणजे शेतकऱ्याचा मित्र. साहेबांना सोंड अगदीच गरीब वाटली. जबडा पाहून ते खूश झाले. "दीदी, दुश्मन तो ऐसा दिखना चाहिए," म्हणाले.

पोस्टर छापून आलं. वर जबडा, त्याखाली 'धान का दुश्मन', आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोपऱ्यात ताईंचं नाव. प्रूफ मी तपासलं होतं. ऱ्हस्व-दीर्घ पाहिले, चित्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आजही मला स्वतःची चीड येते.

गठ्ठे गावांना जायच्या आत थांबवा, म्हणून ताई साहेबांकडे गेल्या. शेतकरी आपल्याच राखणदाराला मारेल, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. पोस्टरचं प्रकाशन झालंय, आता दुरुस्ती म्हणजे विभागाची बदनामी, आणि शेतकरी एवढं बारीक पाहतो कुठे, असं साहेबांचं उत्तर.

"साहब, इतना बारीक तो वही देखता है," ताई म्हणाल्या.

गठ्ठे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी कार्यालयाच्या व्हरांड्यातल्या पोस्टरवरचा 'दुश्मन' ब्लेडनं खरवडला आणि तिथं पेनानं 'दोस्त' लिहिलं. निवृत्तीला तीन महिने उरलेल्या बाईला सरकारी मालमत्तेच्या नुकसानीची नोटीस मिळाली! ज्यांनी खोटं छापलं, त्यांना कुणी साधं विचारलंही नाही.

त्या खरवडत होत्या तेव्हा मी तिथंच होतो, म्हणून नोटिशीत साक्षीदार म्हणून माझं नाव होतं. मी काही पाहिलंच नाही असं लिहून देतो, असं मी ताईंना म्हणालो.

"काहून? मी खरवडलं, तू पाहिलं. आता तरी पाहिलं ते लिही ना."

माझी मान खाली गेली. मी जसं पाहिलं तसं लिहिलं. त्याखाली, प्रूफ मीच तपासलं होतं आणि चित्राखाली चुकीचं छापलं गेलं, हेही लिहिलं. साहेबांनी हे वाक्य गाळायला सांगितलं. मी गाळलं नाही. ताई निरोप समारंभाविना निवृत्त झाल्या, आणि ती पोस्टरं अजूनही गावागावांत लागलेली आहेत.