बाळू गेला आणि ब्लॉग चालला

माझा चुलतभाऊ बाळू वारला, तेव्हापासून माझा ब्लॉग चालायला लागला. बाळूची तब्येत ठणठणीत आहे हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही आमच्या घरच्यांसारखे डोक्यावरून पाणी घ्यायला निघाल.

आमचं गाव वडूजजवळ. आमच्या तीन पिढ्या मेंढरांमागं हिंडल्या. चौथी पिढी म्हणजे मी. मी वडूजच्या एका शाळेत क्लार्क आहे आणि समोरून कळप आला की मोटारसायकल बाजूला घेतो. तरी ब्लॉगचं नाव मात्र 'मेंढरांमागं'! माळावरची थंडी, लांडग्याची भीती, दगडांच्या चुलीवरची भाकरी, हे सगळं मी पंख्याखाली बसून लिहायचो. माहिती आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. वाचक दोन. एक मी आणि दुसरी माझी बायको सुनंदा (तीही शुद्धलेखनाच्या चुका काढायला).

मग ब्लॉगवर जाहिराती लावल्या की पैसे मिळतात असं कळलं आणि मी जाहिराती लावल्या. आबांनी एकदा माझ्याकडे बघून विचारलं, "दोन वर्सं लिवतुयास. काय गावलं का?"

"गावंल आबा. परदेशातली कंपनी हाय. डॉलरमधी देत्यात."

"बसून कोण पैसं देतंय व्हय? आन् लिवून कुणाचं पोट भरलंय रं? मेंढरू निदान लोकर तरी देतंय."

हे माझ्या जिव्हारी लागलं. ब्लॉगची पहिली कमाई आबांच्याच तळहातावर ठेवायची, असं मी त्या दिवशी ठरवलं. आणि एक दिवस खरंच कंपनीचा मेल आला! ब्लॉगवर वाट चुकून आलेल्यांच्या जिवावर खात्यात थोडी रक्कम जमली होती. आता तुमचा पत्ता खरा आहे का हे बघायला आम्ही टपालाने एक पत्र पाठवतोय, त्यात सहा आकडे असतील, ते खात्यात भरा, नाहीतर पैसे मिळणार नाहीत. मला इतका आनंद झाला की शाळेतल्या सगळ्यांना मी चहा पाजला. त्या चहाला जमलेल्या रकमेहून जास्त खर्च आला, पण आनंदापुढं हिशेब कोण करतो? पुढचे तीन आठवडे मी रोज पोस्टमनला गाठून "आलं का?" विचारत होतो. शेवटी शेवटी तो मला बघून गल्ली बदलायचा.

पत्र आलं ते नेमकं मी शाळेत असताना. आबा ओट्यावर बसले होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे पूर्वी कुणी गेल्याचं पत्र टाकायचं तर त्याचा कोपरा फाडून टाकत. असं पत्र उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, बाहेरच वाचायचं, फाडून फेकायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. आबांना पत्र येऊन वीसेक वर्षं झाली होती, पण रीत पक्की लक्षात होती. आणि कंपनीचं पत्र समुद्र ओलांडून, चार ठिकाणी आपटत आलेलं. त्याचा उजवा कोपरा गायब.

आबांनी कोपरा बघितला. परदेशी शिक्का बघितला. आतलं इंग्रजी त्यांना वाचता येईना, पण वाचायची गरजही नव्हती. आमच्या भावकीतला परदेशात एकच माणूस, मस्कतला क्रेन चालवणारा बाळू! आबांनी लगेच बाळूला फोन लावला. फोन बंद. (कामावर जाताना बाळू फोन गेटवर जमा करतो, हे आम्हाला मागाहून कळलं.) आबांनी पत्राचे तुकडे करून उकिरड्यावर फेकले आणि हौदावर जाऊन डोक्यावर पाणी ओतून घेतलं.

मला निरोप आला तसा मी धावत घरी आलो. दारात भावकी जमलेली, चूल बंद, बायका रडतायत. बाळू आणि मी एका ताटात जेवून वाढलो. मला हुंदका आवरेना. आणि आता जे सांगतो त्याची मला आजही लाज वाटते. मी रडत रडत ओट्याच्या कडेला बसलो आणि मोबाइलवर ब्लॉग उघडला. 'माळावरचा माझा बाळू गेला.' मनापासून लिहिलं. डोळे पुशीत लिहिलं. पण शीर्षक तीनदा बदललं आणि त्याचा फेट्यातला फोटो लावताना तो नीट मधोमध येतोय ना, हेही बघितलं.

राहिली बाळूची आई, म्हणजे माझी काकू. ती सांगलीला धाकट्या मुलाकडे असते. तिला फोनवर कसं सांगायचं? आबांनी तोडगा काढला.

"तिला बाळूचं काय बोलू नगा. आबा लय आजारी हाय म्हणा आन् बोलवून घ्या."

चार वाजता काकू यष्टीने आली. वेशीपासूनच तिने गळा काढला होता. "आवं आबा, जाताना येक शबूद तरी बोलायचा वं..." दारातली गर्दी बघून तिची खात्रीच पटली. ती रडत रडत गर्दीतून पुढे आली, तर समोर आबा शेजाऱ्यांकडचा चहा पिऊन कप बशीत पालथा घालून बसलेले.

काकूने पदर डोळ्यांवरून काढला. आबांना वरून खालपर्यंत निरखून म्हणाली, "आबा, तुमी हायसा की."

"मी हायच," आबा म्हणाले.

"मग ही माणसं कुणासाठी रडत्यात?"

आबांनी मान खाली घातली. तेवढ्यात त्यांच्या बटणांच्या फोनची घंटा वाजली. आबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन सगळ्या गल्लीला ऐकू येतो.

"आबा? मी बाळू बोलतुय. तुमी कसं काय फोन उचलला? जेवायच्या सुट्टीत फोन हातात घेतला तर आईचा यष्टीतनं फोन, तुमी शेवटच्या घटका मोजताय म्हणली."

आबांनी शांतपणे सांगितलं, "गप रं बाळू. घरात सुतक हाय."

"कुणाचं?"

"तुजं."

मग बाळूने हळूच विचारलं, "कवा गेलो मी?"

"पत्र आज आलंय. कवा गेलास ते मला वाचता आलं न्हाई."

काकूने फोन हिसकावून घेतला. लेकाचा आवाज ऐकून ती एकदा हसली, एकदा रडली आणि मग आबांना अशा शिव्या दिल्या की त्यांनी शेवटी कप उचलून स्वतःच विसळून ठेवला. भावकीने मात्र उदार मनाने निकाल दिला, "खोटी मरणाची बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं." चूल पेटली, चहा झाला. सगळ्यांच्या जिवात जीव आला.

सुनंदा एवढा वेळ कोपऱ्यात विचार करत उभी होती. ती मला म्हणाली, "आवं, मामंजी म्हणत्यात पत्र विंग्रजीत छापल्यालं हुतं. बाळूभावजी गेल्याचं छापून कोण पाठवंल? तुमीच कुठलं तरी पत्र येणार म्हणून तीन आठवडं नाचत हुता न्हवं?"

मी उकिरड्याकडे जसा पळालो, तसा बाळूच्या बातमीनेही पळालो नव्हतो! तिथे आमची शेळी निवांत रवंथ करत होती. शेणातून तुकडे वेचून मी ओट्यावर जुळवले. चार आकडे मिळाले. दोन शेळीने खाल्ले होते. तीनदा चुकीचे आकडे टाकले तर खातं अडकणार होतं. मी तरी दोनदा अंदाजाने टाकले. तिसऱ्यांदा टाकणार तेवढ्यात सुनंदाने मोबाइल काढून घेतला आणि नवीन पत्र मागवायला लावलं.

या सगळ्या धांदलीत ब्लॉगवरचा बाळू मात्र मेलेलाच होता. आठवण झाली तेव्हा बघतो तर काय, लेख माणदेशभर फिरलेला! वडूजपासून लोणंदपर्यंत लोकांनी पुढे पाठवलेला. खाली श्रद्धांजल्यांची रांग. त्यात खुद्द बाळूने लिहिलं होतं, "मी जिता हाय." त्याला लोकांनी झापलं होतं, "दुसऱ्याच्या दुःखात असली चेष्टा शोभत नाही." मी तातडीने खुलासा लिहिला. तो सुनंदाने वाचला. त्यातही दोन चुका काढल्या.

दुसरं पत्र आलं तेव्हा कोपरा शाबूत होता. तरी आबांनी ते आत येऊ दिलं नाही. मी लिंबाखाली बसून आकडे भरले आणि त्यांच्या आज्ञेवरून आंघोळ करून घरात आलो. पुढच्या महिन्यात पैसे खरोखर बँकेत आले. नोटा काढून मी आबांच्या हातावर ठेवल्या.

आबांनी नोटा कपाळाला लावल्या. मग विचारलं, "मेंढरांवर किती लिवलंस?"

"दोन वर्सं लिवतुय की, आबा."

"आन् हे पैसं त्याचंच?"

मी खोटं बोलू शकलो नाही. "न्हाई. मेंढरांचं निस्तं चहापुरतं. बाकी समदं बाळूचं."

आबांनी नोटा एकेक करून मोजल्या. नोटा माझ्या हातात परत देत म्हणाले, "काकूला लुगडं घे. तिनं लय रडून घेतलंय." लुगडं घेतलं. वरचे दीडशे रुपये मी खिशातून घातले.

मी पुन्हा मेंढरांवर लिहू लागलो आणि वाचक पुन्हा दोनावर आले. परवा मस्कतहून बाळूचा निरोप आला, "दादा, ब्लॉग लय थंड पडलाय म्हणं. परत जाऊ का?"

लगेच नको म्हणायला हवं होतं. मी दोन दिवसांनी म्हणालो, आणि त्या दोन दिवसांत मी त्याचे आणखी फोटो शोधून ठेवले होते.