पंचानंच केलेलं अपील

क्रिकेटचा पंच व्हायला डिग्री लागत नाही. नजर शाबूत लागते, उन्हात दिवसभर उभं राहण्याची चिकाटी लागते आणि खेळाचे बेचाळीस नियम तोंडपाठ लागतात. त्यावर लेखी, तोंडी आणि शेवटी मैदानावरची परीक्षा. पंचवीस वर्षं क्लबासाठी मध्यमगती गोलंदाजी केल्यावर माझ्या गुडघ्यानं हात टेकले. तो पळायला तयार नव्हता, पण उभं राहायला होता. बाउंडरीबाहेर बसून दुसऱ्यांचा खेळ बघितला की माझी नुसती चिडचिड होते, म्हणून पन्नाशीत हा उद्योग.

जे. पी. नगरच्या घरी अवरेकाळू, म्हणजे इकडचे पावटे, सोलता सोलता बायको माझी तोंडी घ्यायची.

"चेंडू कीपरमागच्या हेल्मेटला लागला तर?"

"पाच रन."

"आणि सिंकमधली भांडी कोण घासणार?"

"त्याला नियम नाही."

"मग घासा."

लेखीत एकदा आपटलो, दुसऱ्या खेपेला निघालो. तोंडीही निभावली. मैदानावर घसरलो असतो तर पुन्हा पहिल्यापासून सगळं, आणि तेवढा धीर माझ्यात उरला नव्हता.

परीक्षेचा सामना यशवंतपूरच्या पलीकडे होता. परीक्षक म्हणजे एक निवृत्त पंच, वही घेऊन बाउंडरीवर बसलेले. तिसऱ्याच षटकात चेंडू झपकन आत आला आणि फलंदाजाच्या पॅडवर आदळला, अगदी यष्ट्यांसमोर. मी गुडघाबिडघा विसरून उडी मारली, दोन्ही हात वर केले आणि ओरडलो, "हाऊज दॅट!"

मग गोलंदाज पोट धरून खालीच बसला. कीपरला हसू आवरेना. फलंदाज तेवढा पांढराफटक पडला होता. मी हात खाली घेतले आणि मुकाट उभा राहिलो. हसण्याच्या नादात त्या अकरा जणांना अपील करायचं सुचलंच नाही, आणि गोलंदाज पुढच्या चेंडूसाठी धावत सुटला.

जेवणाच्या सुट्टीत परीक्षकांनी बोलावलं. "अण्णा, तो औट होता का?"

"होता, सर. सरळ सरळ."

"मग बोट का नाही वर केलं?"

"खेळाडूनं अपील केल्याशिवाय औट देता येत नाही."

"अपील तर मला इथवर ऐकू आलं."

"ते माझं होतं, सर. मी खेळाडू नाही."

बोलून गेलो आणि स्वतःच थबकलो. गुडघा गेल्यापासून हे वाक्य मी घरीसुद्धा तोंडातून काढलं नव्हतं. आता ते सहज निघालं, कुठं दुखलंही नाही. "सरी," असं कानडीत 'ठीक' म्हणत त्यांनी वहीत बरोबरची खूण केली. इतका आनंद मला आयुष्यातल्या पहिल्या विकेटलाही झाला नव्हता.