अक्कांना माझी बदली हवी होती

अक्कांना मी आवडत नव्हते, आणि ही गोष्ट त्यांनी माझ्यापासून एक दिवसही लपवली नाही. जळगावच्या एका सरकारी कार्यालयात मी कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले तेव्हा त्या तिथे अव्वल कारकून होत्या. माझा रुजू अहवाल त्यांनी वाचला, चष्म्यावरून मला न्याहाळलं आणि शेजारच्या दोन टेबलांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "रावेरकडची दिसते. केळीसारखी लवकर पिकेल आणि लवकर सडेल." सगळे हसले. मीही हसले, कारण पहिलाच दिवस होता. मनात मात्र एक सणसणीत शिवी हासडली. कार्यालयात त्यांना तोंडावर 'अक्का' आणि पाठीमागे 'ठेचा' म्हणत, हे मला दुपारच्या चहाला कळलं आणि जरा बरं वाटलं.

त्यांचं एक वाक्य होतं, "एक कर. मंग दुसरं." दिवसातून कितीदा ऐकवायच्या देव जाणे. माझं उलट होतं. आवकचं टपाल नोंदवायला बसले की एखाद्या पत्रावर एखाद्या गावाचं नाव दिसायचं, त्यावरून कुणाची तरी राहिलेली फाईल आठवायची, ती आणायला उठले की वाटेत कुणीतरी बोलायला लागायचं. बारा वाजेपर्यंत टेबलावर सगळ्या फायली उघड्या आणि एकही पुरी नाही. एकदा वरिष्ठांचं तातडीचं पत्र सगळं कार्यालय शोधत होतं आणि ते माझ्या डब्याच्या पिशवीत निघालं. त्या दिवशी अक्का ओरडल्या नाहीत. त्यांनी माझं टेबल रिकामं केलं, खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि आमचे शिपाई शांतारामभाऊ यांना हुकूम सोडला, "हिला एका वेळी एकच फाईल द्यायची. ती परत आल्याशिवाय दुसरी नाही." कामासाठी येणारे लोक विचारायचे, मॅडमना काही शिक्षा झाली का? भिंतीतल्या खिळ्याकडे पाहत मी दिवस काढत होते. आणि काम होत होतं, याचाच जास्त संताप यायचा.

आमच्या नोकरीत लागल्यावर खात्याची परीक्षा पास व्हावी लागते. ठरलेल्या संधींत झालात तर ठीक, नाही तर ज्येष्ठता जाते, पगारवाढ अडते आणि मागून आलेली पोरं डोक्यावर येऊन बसतात. मी दोनदा नापास झाले होते. पहिल्या वेळी प्रश्नपत्रिका हातात आली आणि सगळे प्रश्न एकाच वेळी अंगावर आले. कुठला आधी सोडवू हे ठरवण्यातच छाती धडधडायला लागली, तीन प्रश्न अर्धे सुरू केले आणि एकही पुरा झाला नाही. दुसऱ्या वेळचं तर सांगायलाच नको. आमच्यात एक पेपर 'पुस्तकांसह' असतो, म्हणजे नियमांची पुस्तकं शेजारी ठेवून बिनधास्त उत्तरं लिहायची. लोक गोणी भरून पुस्तकं नेतात. मी रजेचा एक नियम शोधायला पुस्तक उघडलं, त्याच्या खालची टीप वाचली, टिपेत दुसऱ्या नियमाचा उल्लेख होता म्हणून तो काढला, आणि मग मयत कर्मचाऱ्याच्या दुसऱ्या बायकोला निवृत्तिवेतन मिळतं का हे वाचण्यात रंगून गेले. पर्यवेक्षक "शेवटची दहा मिनिटं" म्हणाले तेव्हा माझे अडीच प्रश्न झाले होते.

घरी नवरा म्हणाला, एकदा डॉक्टरला दाखव. धुळ्याच्या डॉक्टरांनी दोन-तीन वेळा बोलावून, शाळेपासूनचं सगळं विचारून सांगितलं की हा एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही, लहानपणापासून असणार, हुशारीखाली झाकून राहिला. परीक्षेत वाढीव वेळ मागा, असंही म्हणाले. आयुष्यभर मला धांदरट, वेंधळी, उंडगी म्हणणारे सगळे चेहरे माझ्यासमोर आले आणि मी रिक्षात बसून मोठ्याने रडले. दुःखाने नाही, रागाने.

प्रमाणपत्र जोडून वाढीव वेळेचा अर्ज केला. तो पहिल्यांदा अक्कांच्याच टेबलावर जायचा होता. त्यांनी दोनदा वाचला.

"चंचलपणाचं सर्टिफिकेट!" त्या म्हणाल्या. "आता आळसाचंही निघेल. मला हे पटलेलं नाही, पण अडवायचा अधिकार मला नाही. पाठवते."

त्यांनी त्याच दिवशी अर्ज पुढे पाठवला. उत्तर आलं, सवलतींच्या यादीत हा आजार बसत नाही. एवढंच, एका ओळीत. ज्यांनी ते लिहिलं त्यांना माझ्यासारखं डोकं आठ दिवस वापरायला द्यावं असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

मी ते पत्र हातात घेऊन बसले होते. अक्का भिंतीपाशी आल्या. "रडून झालं? ऐक. नापास झालीस तर तू जन्मभर इथंच, माझ्या छातीवर. पास झालीस तर पदोन्नती, आणि पदोन्नती म्हणजे बदली." आणि मग त्या त्यांच्या एरंडोलकडच्या बोलीवर उतरल्या. राग पोटातून आला की त्या उतरायच्या. "माले तुनी बदली पाहिजे. पास व्हय आनि जाय आठून."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत माझा छळ सुरू झाला. जुन्या प्रश्नपत्रिकेची घडी अशी घालायची की एकच प्रश्न वर राहील. तो संपल्याशिवाय घडी उलटायची नाही. उलटली की हातावर पट्टी, आणि पट्टी खरोखरची. मी चाळिशीकडे झुकलेली, एका मुलीची आई, आणि मला पट्टी! शिवाय त्यांनी आणखी एक अघोरी प्रकार काढला. मी डबा खात असले, जिना उतरत असले, की त्या पाठीमागून गरजायच्या, "शेवटची दहा मिनिटं!" पहिल्या आठवड्यात माझ्या हातातला घास पडायचा. मग शांतारामभाऊंनाही चेव आला, तेही चहा ठेवताना म्हणायला लागले. शेवटी शेवटी मी वळूनही पाहत नसे. तेव्हा अक्का म्हणाल्या, "आता मेली तुझी भीती. तिचं दहावं जेवायला घाल." त्या हसल्या नाहीत. मला हसू आलं, पण मी ते दाबलं.

खरं भांडण झालं ते पुस्तकांवरून. 'पुस्तकांसह'च्या पेपरला पुस्तकं न्यायची नाहीत, असं त्यांनी फर्मावलं. मला वाटलं, बाईला माझं वाटोळंच करायचं आहे. शेवटची संधी, आणि ही म्हणते विहिरीवर जा पण पोहरा नेऊ नको! त्याच दिवशी शांतारामभाऊंनी हळूच सांगितलं होतं, "त्या कवय पास व्हयन्यात? पंचेचाळीसनी सूट भेटनी त्यासले." वयाची पंचेचाळीस वर्षं झाली की आमच्यात परीक्षेतून सूट मिळते. अक्का त्या सवलतीवर वर आल्या होत्या, आणि तोवर त्यांच्या मागचे कितीतरी जण साहेब होऊन बसले होते.

मी भरल्या कार्यालयात विचारलं, "तुम्ही स्वतः कधी पास झालात का हो अक्का?"

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग अगदी शुद्ध, टिपणीत लिहितात तशा भाषेत म्हणाल्या, "नाही. प्रत्येक वेळी पुस्तकं घेऊन गेले. प्रत्येक वेळी पुस्तकातच राहिले. दुसऱ्या बायकोच्या निवृत्तिवेतनाचं मलाही सगळं पाठ आहे." आणि फाईल ओढून कामाला लागल्या. मी ते बोलले याचं मला आजही वाईट वाटत नाही. न बोलते तर मला त्यांचं काहीच कळलं नसतं.

तरीही मी पुस्तकं घेतलीच. परीक्षेचं केंद्र धुळ्याच्या एका कॉलेजात होतं. सकाळची एसटी एरंडोलला थांबली आणि अक्का चढल्या. त्या तिथूनच रोज जाऊन-येऊन नोकरी करत, पण त्या दिवशी त्यांनी रजा टाकली होती आणि मला काही सांगितलं नव्हतं. "सरक," म्हणाल्या, "माझं धुळ्याला काम आहे." कॉलेजच्या फाटकाशी त्यांनी माझ्या हातातली जड पिशवी हिसकावली, लिंबाखाली ठेवली आणि तिच्यावर चक्क मांडी ठोकली.

"उठा अक्का! लोक बघताहेत!"

"बघू दे. बठ्ठा नियम आठे मनाखाले शेत. आते जाय."

सगळे नियम त्यांच्या बुडाखाली, आणि त्या देहाने धिप्पाड, मला ढकलणं शक्य नव्हतं. घंटा झाली. मी त्यांना नको ते बोलले आणि आत गेले.

माझ्या आजूबाजूला पुस्तकांचे ढीग, आणि मी हात हलवत आलेली. पर्यवेक्षकांनी विचारलं, "पुस्तकं विसरलात?" मी म्हटलं, "बाहेर आहेत, त्यांच्यावर बाई बसलीय." त्यांनी प्रश्नपत्रिका पुढे केली. मी घडी घातली. एक प्रश्न. छाती धडधडलीच, ती काही गेली नव्हती. कलमांचे क्रमांक आठवेनात, तिथे मी नुसता नियमाचा अर्थ लिहिला. मधे एकदा खिडकीतून लाऊडस्पीकरवाला भाजी विकत गेला आणि मी त्याच्याबरोबर कोथिंबिरीच्या भावापर्यंत जाऊन परत आले. पण परत आले तेव्हा कागदावर एकच प्रश्न होता, त्यामुळे हरवायला जागा नव्हती. बाजूच्या माणसाची पानं उलटण्याची घाई ऐकू येत होती. माझे सगळे प्रश्न लिहून झाले. बाहेर आले तर अक्का तशाच पिशवीवर, उन्हात. लिंबाची सावली केव्हाच सरकून गेली होती. त्यांनी पिशवी माझ्या हातात कोंबली आणि स्टँडची वाट धरली.

मी पास झाले, काठावर. पदोन्नती मिळाली आणि बदलीही, धुळ्यालाच. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी भाषणं केली. अक्का एवढंच म्हणाल्या, "सुटले." टाळ्या सर्वांत जास्त त्यांनाच पडल्या.

अक्का मागच्या वर्षी गेल्या. त्याआधी, त्या निवृत्त झाल्यावर, मी एकदाच एरंडोलला त्यांच्या घरी गेले होते. एकट्याच राहत. दार उघडलं तेव्हा घरभर जळक्या दुधाचा वास, आणि त्या गॅस पुसता पुसता स्वतःलाच बोलत होत्या. "एक कर. मंग दुसरं." मला जे बोलायच्या तेच शब्द, त्याच आवाजात. मला ते ऐकवेना. या बाईला जन्मभर हे कुणी कुणी ऐकवलं असेल, आणि शेवटी ऐकवणारं कुणी उरलं नाही तेव्हा तिने ते काम स्वतःकडे घेतलं, हे मला त्या ओट्यापाशी कळलं. मला भयंकर राग आला. त्यांचा नाही. त्यांना 'ठेचा' म्हणून हसणाऱ्या सगळ्यांचा, त्यात मीही आलेच.

मी म्हटलं, "अक्का, धुळ्याला माझ्याकडे या. त्या डॉक्टरांना एकदा दाखवू. तुमचंही तेच आहे. गोळ्या आहेत, उपाय आहेत. उशीर झाला तरी होतं काहीतरी."

त्यांनी फडकं पिळलं आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, पहिल्यांदाच.

"आते?" त्या म्हणाल्या. "आते माले कोनता पेपर देना शे?"