बेपत्ता कटलेट आणि कॉम्प्युटरमधल्या बायका

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, चाकणजवळच्या एका औषध-चाचणी केंद्रात, भर सकाळी, एक डॉक्टर, दोन नर्स आणि अस्मादिक यांच्या देखत एक चीज कटलेट बेपत्ता झाले. चोरी झाली नव्हती. चोरीपेक्षा वाईट झाले होते. ते कुणीतरी जपून ठेवले होते.

आमच्या केंद्राचं काम सांगायला सोपं आहे. औषधावरची मूळ कंपनीची मक्तेदारी संपली की इतर कंपन्या तीच गोळी स्वस्तात काढतात. ही नवी गोळी जुनीइतकीच आणि त्याच वेगानं रक्तात उतरते का, ते आम्ही बघतो. धडधाकट माणसांना एकदा ही गोळी द्यायची, काही दिवसांनी ती, आणि दिवसभर थोडं थोडं रक्त काढायचं. मी या माणसांची नोंदणी करते, त्यांना नियम समजावते आणि त्यांचे रुसवे काढते.

आता धडधाकट माणसं म्हणजे कोण? पुरुष! वर्षानुवर्षं पुरुषच. त्यांना पाळी नाही, दिवस जायची भीती नाही, वेगळा वॉर्ड नको, रात्री मुक्कामाला सासूची परवानगी नको. ते यायचे, टीव्ही बघायचे, घोरायचे आणि जायचे. मग ती गोळी दुकानात जायची आणि माझ्यासारख्या बायका ती रोज सकाळी निमूट गिळायच्या.

हे आमच्याकडच्या एका लातूरच्या मुलीला खुपायचं. ती कॉम्प्युटरवर माणसं बनवायची. म्हणजे वजन, चरबी, पोट रिकामं व्हायला लागणारा वेळ, मूत्रपिंडाचा वेग असं सगळं भरून मांडलेली आकड्यांची माणसं. तिनं शेकडो बायका बनवल्या होत्या आणि त्यांना रक्तदाबाची एक गोळी दिली होती. औषध बायकांच्या रक्तात जास्त वेळ रेंगाळेल, असं तिचं मॉडेल म्हणत होतं. पण खऱ्या बायकांचं रक्त तपासल्याशिवाय त्यावर विश्वास कोण ठेवणार? ती केंद्राच्या साहेबांच्या मागे हात धुऊन लागली. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, “एकदाच करू. पण बायका मधूनच गळाल्या, तर हा विषय माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही.”

बायका मी आणल्या. पुनावळ्याचं एक अख्खं भजनी मंडळ! एकटी यायला कुणी तयार नव्हती, पण पेटीवाल्या काकू हो म्हणाल्या आणि मागोमाग सगळ्या हो म्हणाल्या. आदल्या संध्याकाळी वॉर्डात शिरल्या त्या माहेरपणाला आल्यासारख्या. दिवे मालवेपर्यंत एका नर्सचं लग्न जवळजवळ ठरलं होतं.

सकाळी न्याहारी आली. बटर लावलेले टोस्ट, चीज कटलेट, मोठा ग्लास दूध. ती अर्ध्या तासात पूर्ण संपवायची आणि लगेच गोळी घ्यायची. भरल्या पोटी औषध कसं उतरतं, तेच तर बघायचं होतं. पुरुष हे दहा मिनिटांत फस्त करून आणखी आहे का विचारत.

मी ताटं बघत चालले होते. पेटीवाल्या काकूंचं ताट चकचकीत रिकामं होतं. अंगावरच्या निळ्या सदऱ्याचा खिसा मात्र फुगलेला होता.

“काकू, खिशात काय आहे?”

“कुठं काय!”

“तेल झिरपतंय.”

काकूंनी खिशावर हात ठेवला. “आवं ताई, नातीला लई आवडतं. गार झालं तरी खाती ती.”

लातूरची मुलगी माझ्या मागेच उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. “काकू, हे पोटात गेलं नाही तर तुम्हाला गोळी देता येणार नाही. तुमचं रक्त मोजता येणार नाही. नको असेल तर घरी जा, कुणी काही म्हणणार नाही. पण राहणार असाल तर माझं एवढं ऐका, कटलेट बाजूला काढू नका हो.”

तेवढ्यात पलीकडच्या पलंगावरच्या बाईनं उशीखालून अर्धा टोस्ट काढला. तिच्या शेजारणीनं कागदी रुमालातलं कटलेट. कोपऱ्यातून एक बटरची पुडी आली. बघते तर अर्ध्या भजनी मंडळानं घरच्यांसाठी शिदोरी बांधलेली! इतक्या जणी गळाल्या असत्या तर साहेबांना आयतंच कारण मिळालं असतं.

मी घड्याळ बघितलं. दहा मिनिटं बाकी होती. वॉर्डाच्या मधोमध उभी राहून हात पसरत मी म्हणाले, “भगिनींनो! आज घरी कुणी उपाशी नाही. नाती, सुना, नवरे, सगळे जेवतील. हा घास तुमचा आहे. कुणाला देऊ नका, कुणासाठी ठेवू नका. आणि गोळी नकोच असेल, तर ताट खुशाल बाजूला सारा.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, आणि कटलेट तोंडात कोंबलं. मग सगळा वॉर्ड चावायला लागला. काय तो आवाज! शेवटचा दुधाचा घोट वेळेत उतरला आणि एकही बाई गळाली नाही. दुसऱ्या फेरीलाही सगळ्या आल्या, आणि या वेळी खिसे सपाट होते.

काही महिन्यांनी निकाल आला. दोन्ही गोळ्या बायकांच्या रक्तातही सारख्याच उतरल्या होत्या. आणि औषध पुरुषांपेक्षा जास्त वेळ रेंगाळलं होतं, मॉडेलनं सांगितलं होतं जवळपास तसंच. साहेबांनी आलेख उलटसुलट बघितला आणि पुढच्या अभ्यासात निम्म्या बायका घ्यायला मान डोलावली. वर बायकांच्या वॉर्डाला स्वतंत्र दार आणि आरसाही मंजूर केला.

नव्या नोंदणीला पेटीवाल्या काकू पुन्हा आल्या. मुलीनं त्यांना पडद्यावर दोन रेघा दाखवल्या, एक खऱ्या बायकांची, एक कॉम्प्युटरमधल्या. काकूंनी चष्मा लावून बारकाईनं बघितलं.

“ह्या आतल्या बाया आमच्यावानीच हायेत म्हनं?”

“अगदी तुमच्यासारख्या, काकू. तेवढंच वजन, तसंच पोट.”

“आन् न्याहारी?”

“तीच. गरम गरम, एका जागी बसून, शेवटच्या घासापर्यंत. मध्ये कुणी हाक मारत नाही, उठावं लागत नाही.”

काकूंनी चष्मा काढला आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आगं पोरी, मग त्या बाया न्हाईत, पाव्हणे हायेत पाव्हणे!”