रंग उतरलेलं पाणी

किहीमच्या अलीकडे, समुद्राला लागून, अंबिका आणि तिचा नवरा देवदत्त यांची नारळ-सुपारीची वाडी आहे. अंबिका अलिबागच्या कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, देवदत्त वाडी बघतो. त्या ऑक्टोबरात एका सकाळी तो पंप सुरू करायला गेला आणि विहिरीवरूनच त्याने तिला हाक मारली. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खात्याने सोडलेले गप्पी मासे पाण्यावर उलटे होऊन तरंगत होते. पाण्यावर नारिंगी झाक होती. वास तर असा, की घशाशी काहीतरी चिकटून बसल्यासारखं वाटावं.

वरच्या अंगाला एक बंद पडलेली दगडखाण आहे. तिथे कुणीतरी सांडपाण्याचा टँकर रिकामा करून गेलं होतं आणि ते झिरपत विहिरीत उतरलं होतं. कुठल्या कारखान्याचा, हे शेवटपर्यंत कळलं नाही. ग्रामपंचायतीने नमुना तपासायला पाठवला आणि विहिरीवर पाटी लावली. पण पाटीने भागणारं नव्हतं. नळ आटला की कोळीवाड्यातली निम्मी घरं याच विहिरीवर येत. त्यातलंच एक घर सोनूबाईचं. ती सुकी मासळी विकायची, मुलगा निकेश बोटीवर असायचा, आणि सून हेतलला सातवा महिना लागला होता.

अंबिकाला तो वास ओळखीचा होता. एम.एस्सी.ला असताना तिने कापडाच्या रंगांवर काम केलं होतं; विहिरीत उतरलं होतं ते तसल्याच रंगांचं पाणी. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या रंगात घालतात ती पांढरी पूड. तिच्यावर ऊन पडलं की ती पाण्यातल्या विषारी रेणूंचे तुकडे करू लागते आणि स्वतः मात्र संपत नाही. हे तिने प्रयोगशाळेतल्या दिव्याखाली पाहिलं होतं, अंगणातल्या उन्हात कधीच नाही. तिने विश्वंभरला फोन केला. तो तिचा तेव्हाचा सहाध्यायी, आता मुंबईत एका संशोधन संस्थेत होता. त्याने चांगल्या प्रतीची पूड पाठवली, आणि सोबत बजावलंही, "अंबिका, रंग जाणं म्हणजे पाणी शुद्ध होणं नव्हे. हे विसरू नकोस."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. तेव्हा तिला ते खरंच माहीत होतं.

तिने काचेच्या पट्ट्या घासून खरखरीत केल्या, पुडीचा पातळ लेप दिला आणि अलिबागच्या एका बेकरीत पावाच्या भट्टीत त्या भाजून घेतल्या. सुपारी वाळत घालायच्या खळ्यात उतरत्या फळ्यांवर पट्ट्या मांडल्या. विहिरीचं पाणी वरून पातळ थराने वाहायचं, खालच्या पिंपात पडायचं आणि छोट्या पंपाने पुन्हा वर जायचं. ऑक्टोबरचं ऊन अंगाला चटके देत होतं. दुपार कलेपर्यंत नारिंगी पाणी फिकं पिवळं झालं, आणि दुसऱ्या दिवशी अगदी नितळ.

देवदत्तने पाणी ओंजळीत घेऊन उन्हात धरलं. "जिंकलीस," तो म्हणाला.

"झाडांना घाला हवं तर. तोंडात घ्यायचं नाही."

बघायला आलेल्या सगळ्यांना तिने हेच सांगितलं. पण सांगताना तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि लोकांनी शब्दांपेक्षा चेहरा जास्त ऐकला.

मग अरबी समुद्रात वादळ उठलं. ते किनाऱ्याला लागलं नाही, पण आभाळ भरून राहिलं आणि बोटी बंदरात अडकल्या. त्याच आठवड्यात रस्त्याच्या खोदकामात नळाची मुख्य वाहिनी फुटली. पाण्याचा टँकर येतो येतो म्हणत आलाच नाही. अंबिकाने मळभातही पाणी फिरवत ठेवलं होतं. रंग उतरत होता, जरा उशिराने इतकंच. तिने पिंपातलं पाणी एका घमेल्यात काढून त्यात शेजारच्या हौदातले चार-पाच गप्पी सोडले आणि कॉलेजात गेली. जाताना मासे व्यवस्थित पोहत होते.

संध्याकाळी परतली तर मासे घमेल्याच्या तळाशी आडवे पडले होते. एकाचे कल्ले अजून हलत होते. तिने वळून पिंपाकडे पाहिलं. पिंप निम्म्याहून रिकामं होतं.

"अहो, झाडांना घातलंत का पाणी?"

देवदत्त पायरीवर सुपारी सोलत होता. त्याने मान वर केली नाही. "सोनूबाई आली होती. घरात पोटुशी बाई, पाण्याचा थेंब नाही. आणि पाणी काचेसारखं होतं गं. मी म्हटलं, ने."

"कधी?"

"काल. आणि आज सकाळी."

अंबिकाने पुन्हा घमेल्यातल्या माशांकडे पाहिलं. या रंगांमध्ये दोन भागांना जोडणारी एक गाठ असते, ती आधी सुटते, म्हणून रंग जातो. मागे उरलेल्या तुकड्यांना रंग नसतो. पुरेसं ऊन मिळालं तर तेही तुटत तुटत संपतात, नाही मिळालं तर पाण्यातच राहतात. आणि त्यांतले काही मूळ रंगापेक्षा वाईट असतात. विहिरीतलं नारिंगी पाणी कुणीही प्यायलं नसतं. पिण्यासारखं दिसणारं पाणी तिने तयार केलं होतं.

ती चपला न घालताच निघाली. कोळीवाड्याकडे जाणारी वाळूची वाट तिच्या रोजच्या पायाखालची, पण त्या दिवशी ती सरेचना. हेतल आता कशी असेल याची एकेक चित्रं डोळ्यांपुढे येत होती आणि ती त्यांना मागे सारत होती.

हेतल ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. अंबिकाला पाहून हसली. सोनूबाई आतून आली. "या बाई. पायात काय न्हाय ते?"

"सोनूबाई, वाडीतलं पाणी प्यायलात का तुम्ही?"

"व्हय, कालपासून तेच चाललाय. चांगला हाय पानी."

"चांगलं नाही." अंबिकाला आपलाच आवाज परका वाटला. "त्यात मी मासे सोडले होते. ते मेले. हेतलला लगेच दवाखान्यात न्यायला हवं."

हेतलचा हात सुपातच थांबला, आणि मग आपोआप पोटाकडे गेला. सोनूबाई ओट्यावरून खाली उतरली.

"तुमीच रंग काढलाव ना? मंग काय ऱ्हायला त्यान?"

"जे दिसत नाही ते राहिलं."

"असा व्हता तर खळ्यात उघडा कशाला ठेवलाव?"

अंबिकाने हेतलला हात देऊन उठवलं.

निकेशने रिक्षा आणली. अलिबागच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हेतलला तपासलं, बाळाचे ठोके ऐकवले. ठोके नीट होते. अंबिकाने पाण्यात काय असू शकतं ते सांगितलं तेव्हा त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. म्हणाल्या, "यावर देण्यासारखं औषध माझ्याकडे नाही. रक्त तपासत राहू, लक्ष ठेवू. बाळाचं आत्ता काही सांगता येणार नाही."

त्यानंतरचे दिवस अंबिकाने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. वर्गात फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता तिचा हात थांबायचा. देवदत्त जेवायला बसायचा आणि अर्ध्यावर उठायचा. एका दुपारी तिने काचा फोडायला वरवंटा उचलला. तेव्हा त्याने तिचा हात धरला. "पाणी मी दिलं," तो म्हणाला. "काचांनी नाही."

विश्वंभरने पाण्याचा नमुना तपासला आणि फोन केला. तुकडे होते. फार नव्हते, पण होते. स्वच्छ उन्हात दुप्पट वेळ फिरवलेल्या पाण्यात मात्र त्यांचा मागमूस नव्हता. तो म्हणाला, "पद्धत बरोबर आहे. ऊन कमी पडलं."

"पोटातल्या पोराला ते कसं सांगू?" अंबिका म्हणाली.

खळ्याभोवती तिने कुंपण घातलं, पिंपाला कुलूप लावलं. मळभ असेल त्या दिवशी पंप बंद. तयार झालेलं पाणी फक्त सुपारीच्या आळ्यांत. हळूहळू विहीर उपसली गेली. पुढच्या पावसाळ्यानंतरच्या तपासणीत पाणी निर्दोष ठरलं. तरी त्या विहिरीचं पाणी अंबिकाने कुणाला पिऊ दिलं नाही.

हेतल त्याआधीच, जानेवारीत बाळंत झाली. मुलगी. वजन थोडं कमी, बाकी सगळं ठीक. अंबिका दवाखान्याच्या दारातच उभी राहिली, तिला आत जायचा धीर होईना. सोनूबाईने तिला दंडाला धरून आत नेलं आणि पोर तिच्या हातात दिलं.

"माजा राग हाय तुमच्यावर," ती म्हणाली. "पन तुमी धावत येऊन सांगितलाव. दुसरा कोन गप ऱ्हायला असता."

मुलीचं नाव सई ठेवलं. आता ती चालते, बोलते, सुकत घातलेल्या बोंबलांखालून पळते. डॉक्टरीणबाई म्हणतात, काळजीचं कारण दिसत नाही. 'दिसत नाही' हे शब्द अंबिकाला पुरत नाहीत. सईला साधा ताप आला तरी ती कोळीवाड्यात जाऊन बसते, आणि सोनूबाई काही न विचारता तिच्यासाठी चहा टाकते.